जुन्या जीपचा ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही, दुसऱ्या दाबाला लागतो

जुनीजीप:
नमस्कार मंडळी. जुनी जीप घेतली आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून थांबवतात), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, सिंगल सर्किट. पॅडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या पत्र्याखाली. आधीच्या मालकाकडे बराच काळ उभी होती. माझ्याकडे यायच्या आधी एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर नवा टाकला आणि पुढच्या व्हील सिलिंडरांची (चाकात शू ढकलणारे सिलिंडर) रबराची किट बदलली, असं कळलं.

आता त्रास असा: पहिल्यांदा दाबलं की पॅडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं. लगेच परत दाबलं की वर येतं, तिसऱ्या दाबाला चांगलं कडक होतं आणि दाबून धरलं तर खाली सरकत नाही. ब्रेक लागताना गाडी किंचित उजवीकडे ओढते, पॅडल सोडल्यावर थोडा वेळ डावीकडे. चालवून आल्यावर पुढचा डावा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापतो, बाकीचे तीन कोमट. ब्रेक ऑइलची पातळीही हळूहळू उतरते आहे. गॅरेजचं म्हणणं, मास्टर सिलिंडर डुप्लिकेट निघाला, परत बदलू. मला ते पटत नाही. सुरुवात कुठून करावी?

नटबोल्ट:
आधी गाडी उभी करा, रस्त्यावर काढू नका. सिंगल सर्किटमध्ये चारही चाकांना तेल एकाच खोलीतून जातं. एक वॉशर (सिलिंडरच्या पिस्टनचं रबरी सील) फाटला किंवा एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक एका दाबात गेला. पुढचं-मागचं वेगळं ठेवणारा टँडम मास्टर सिलिंडर अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीचा झाला, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांमध्ये ही सोय नाही. तुमची तेलाची पातळी उतरते आहे, म्हणजे गळती कुठेतरी आहेच.

दुसरं, गाडी उचलताना. या जातीच्या कित्येक जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. त्याशिवाय खाली शिरू नका.

तेलकटहात:
मास्टर सिलिंडरला हात लावू नका. तुमचं पॅडलच सांगतंय की तो बरा आहे.

पॅडल बिघडतं ते तीन तऱ्हांनी, आणि त्या तीन तऱ्हांची कारणं वेगळी असतात. पहिली, पॅडल खोल जातं पण पंप केल्यावर वर येऊन दगडासारखं घट्ट होतं. इथे बहुतेक वेळा शू ड्रमपासून लांब राहिलेले असतात. दुसरी, पॅडल किती का पंप करा, पायाखाली लवचीक लागतं, दाबलं की परत ढकलतं. ही हवा, किंवा फुगणारा जुना होज. तिसरी, पॅडल वर येतं पण दाबून धरलं की सावकाश खाली बसत जातं. बाहेर गळती नसेल तर हा मास्टर सिलिंडरचा वॉशर आतल्या आत तेल सोडतोय. ही परीक्षा नुसत्या जोरात दाबून करू नका, हलका दाब ठेवूनही करा. जोरात दाबल्यावर वॉशरची कड भिंतीला घट्ट चिकटते आणि दोष लपतो, हलक्या दाबाला तो उघडा पडतो.

आता पहिली तऱ्हा नीट समजून घ्या, कारण नवे मास्टर सिलिंडर विनाकारण टाकले जातात ते याच तऱ्हेत. सोयीसाठी धरा की मास्टर आणि चारही व्हील सिलिंडर एकाच व्यासाचे आहेत. चार चाकांत मिळून आठ पिस्टन. लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजून प्रत्येक पिस्टनला नेहमीपेक्षा फक्त १ मिलिमीटर जास्त सरकावं लागलं, तर मास्टरच्या पिस्टनला ८ मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पॅडलची तरफ साधारण ५ पट धरली तर पायाखाली ४० मिलिमीटर जास्त. दोन बोटं रुंदीची चाल चाकाजवळच्या एका मिलिमीटरात गेली! दोन मिलिमीटर गॅप वाढला तर पॅडल फ्लोअरला टेकणारच, मास्टर कितीही नवा असो.

पंप केल्यावर वर का येतं? पॅडल झटकन सोडलं की मास्टरचा पिस्टन तेलापेक्षा लवकर मागे येतो, आणि टाकीतलं जादा तेल वॉशरची कड वाकवून पुढे शिरतं. दुसऱ्या दाबाला नळीत तेल जास्त असतं, शू अजून पूर्ण मागे गेलेले नसतात, म्हणून ब्रेक वर लागतो. थोडं थांबलात की ते तेल टाकीत परततं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चारही चाकं नीट ॲडजस्ट करा. नंतर बोलू.

सावकाश:
एक शंका. हवा असली तरी पंप केल्यावर पॅडल वर येतंच की. मग हवा की गॅप, हे ओळखायचं कसं?

तेलकटहात:
वर आल्यावर पायाला काय लागतं त्यावरून. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. त्यामुळे हवा असेल तर वर आलेलं पॅडलही स्प्रिंगसारखं लागतं. गॅप असेल तर वर आलेलं पॅडल घट्ट असतं. त्यांनी स्वतः 'चांगलं कडक' लिहिलंय.

पक्कं करायचं असेल तर होज क्लँप लावून बघा. या जीपला बहुधा तीन होज असतात, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. तिन्ही दाबून बंद केले की मास्टर आणि लोखंडी पाइप एवढंच उरतं. आता पॅडल वर आणि घट्ट असेल तर मास्टर निर्दोष. मग एकेक क्लँप सोडत जा. ज्याच्या सुटण्याने पॅडल खाली पडेल, दोष त्या बाजूला. क्लँप गोल जबड्याचा हवा, ग्रिप प्लायरने होज चिरडू नका. जुना, भेगा पडलेला होज या दाबाने कायमचा जाऊ शकतो, म्हणून ज्यांचे होज बदलायचेच आहेत त्यांनीच हे करावं.

नटबोल्ट:
ॲडजस्ट करण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बघा. बेअरिंगला प्ले असेल तर ड्रम कलंडतो, शू मागे ढकलले जातात आणि केलेली ॲडजस्टमेंट खोटी पडते. बेअरिंग आधी, ब्रेक नंतर.

प्रत्येक शूला बॅकप्लेटच्या (ड्रममागची स्थिर तबकडी) मागून स्वतंत्र एक्सेंट्रिक (वळवल्यावर शू सरकवणारा बोल्ट) असतो. चाक हाताने फिरवत तो वळवा, चाक अडेपर्यंत. मग घासणं जेमतेम थांबेल इतपत परत सोडा. मग दुसरा शू. मध्ये एकदा पॅडल दाबून सोडा म्हणजे शू बसतात, आणि परत तपासा. शूची खालची टोकं धरणाऱ्या अँकर पिना लायनर नवे टाकल्याशिवाय सोडू नयेत, त्या हलल्या की शूची गोलाई आणि ड्रमची गोलाई परत जुळवणं हे फार वेळखाऊ काम आहे.

जुनीजीप:
मनापासून आभार. चारही चाकं ॲडजस्ट केली. बेअरिंग ठीक आहेत. मागच्या दोन्ही चाकांचे एक्सेंट्रिक गंजून अडकले होते, गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवल्यावर फिरले. म्हणजे मागचे शू कित्येक वर्षांत कुणी ॲडजस्टच केले नव्हते. पहिल्याच दाबाला पॅडल आता अर्ध्यावर घट्ट होतं!

पण पुढचं डावं चाक पॅडल सोडल्यावर लगेच मोकळं होत नाही. हाताने फिरवायला जड जातं, थोड्या वेळाने सुटतं. आणि मागच्या उजव्या बॅकप्लेटच्या खालच्या कडेला ओलसर डाग सापडला. गिअर ऑइल की ब्रेक ऑइल, कळत नाही.

तेलकटहात:
बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते चिकट असतं. ब्रेक ऑइल पातळ, आणि पाण्याने धुतलं की निघून जातं. गिअर ऑइल पाण्याने हटणार नाही. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर, गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचं सील. दोन्हीत ड्रम उघडावाच लागेल.

डाव्या चाकाचं आधी बघू. एकच चाक धरून बसतंय, म्हणजे कारण त्या चाकापाशीच आहे. चारही धरून बसले असते तर मास्टरकडे गेलो असतो: पुशरॉडला (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) प्ले नसला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप लागत जातो.

तुमच्या डाव्या चाकासाठी परीक्षा सोपी आहे. कुणाला तरी पॅडल दाबून सोडायला सांगा. चाक जड असतानाच त्याचा ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सोडा. तेलाची चिळकांडी उडून चाक झटकन मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला होता. निपल सोडूनही चाक जडच राहिलं, तर पिस्टन जाम आहे किंवा शूची स्प्रिंग मेली आहे. दाब अडकलेला निघाला तर निपल बंद करा, परत ब्रेक दाबून सोडा आणि यावेळी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाकडचा सांधा सैल करा. तिथे सोडून चाक मोकळं होत नाही आणि निपलला मात्र होतं, तर तेल या दोन्हींच्या मध्ये अडकतंय. मध्ये आहे तो फक्त होज.

तुम्ही लिहिलेली ओढ याच्याशी तंतोतंत जुळते. होज आतून मिटला की डाव्या चाकाला दाब उशिरा पोचतो, म्हणून ब्रेक लागताना गाडी उजवीकडे जाते. सोडल्यावर दाब उशिरा परततो, म्हणून मग डावीकडे.

पाचर:
पण ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब मुद्दाम अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो ना? चाक त्यानेही जड होऊ शकेल.

तेलकटहात:
असतो, अनेक जुन्या गाड्यांत. पण तो दाब १० पीएसआयच्या आसपास. व्हील सिलिंडरच्या वॉशरची कड भिंतीला लागलेली राहावी आणि हवा आत ओढली जाऊ नये, एवढंच त्याचं काम. शूच्या स्प्रिंगा त्याला सहज मागे ढकलतात. शिवाय तो चारही चाकांना सारखाच लागू असतो. मात्र कुणी पुढे डिस्क बसवून ड्रमचाच मास्टर ठेवला असेल, तर हाच व्हॉल्व्ह पॅड घासत ठेवतो. अशा बदललेल्या गाड्यांनी हे जरूर तपासावं.

जुनीजीप:
होजच निघाला. निपलला चाक सुटलं, वरच्या सांध्याला नाही. काढलेला होज उभा चिरून पाहिला. बाहेरून काळाभोर, एकही भेग नाही. आत मात्र अस्तराची एक पट्टी भिंतीपासून सुटून जिभेसारखी लोंबत होती. एका बाजूने फुंकर घातली तर सरळ जाते, दुसऱ्या बाजूने घातली की ती जीभ भोकावर आडवी बसते. तिन्ही होज नवे घेतले आहेत.

मागचा उजवा ड्रमही उघडला. डाग ब्रेक ऑइलचाच होता. डस्ट कव्हर उचललं तर आतून तेल ओघळलं. दोन्ही लायनर भिजले आहेत. लायनर धुऊन, तापवून परत वापरता येतात का? आणि व्हील सिलिंडर पॉलिश पेपरने साफ करून फक्त किट टाकली तर चालेल?

नटबोल्ट:
लायनर नाही. ब्रेक ऑइल त्यात मुरतं. वरून कोरडं दिसतं, गरम झालं की परत पृष्ठभागावर येतं. आणि बदलायचे तर त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर एक बाजू जास्त धरेल.

ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपाने तर मुळीच उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही.

तेलकटहात:
व्हील सिलिंडरबद्दल. आतली भिंत स्पिरिटने पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. नुसता रंग बदललाय, डाग आहेत, नखाला काही लागत नाही, तर हलक्या होनिंगने (भिंत आतून बारीक घासून) काम होईल. वॉशर फिरतो त्या भागात नख अडेल असा खड्डा असेल तर सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह बसवून घ्या. खड्डेवाल्या सिलिंडरात नवी किट टाकली तर थोडे दिवस बरं वाटतं, मग नवा वॉशर त्याच खड्ड्यावर घासून फाटतो. गंज बहुधा तळाला सापडेल, ओलावा तिथेच साचतो.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर त्यांनी फुगतं. एखाद्या गाडीत कुणी टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतलं असेल, तर नुसतं तेल बदलून भागत नाही, मास्टरपासून चाकापर्यंतचं रबर अन् रबर बदलावं लागतं. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून मऊ झालेलं दिसलं, तर हीच शंका घ्या. जोडताना वॉशरला ताजं ब्रेक ऑइल लावा, ग्रीस नको. त्याची कड तेलाच्या बाजूला, म्हणजे आतल्या बाजूला. उलटा बसला तर ब्रेक लागणारच नाही.

पाचर:
लोखंडी पाइप गंजलेला असेल तर तांब्याचा टाकावा का? वाकवायला सोपा जातो.

नटबोल्ट:
माझं मत: शुद्ध तांबं नको. ते सततच्या थरथरीने कडक होत जातं आणि मग तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूची नळी मिळाली तर उत्तम, ती गंजत नाही आणि वळतेही छान. नाहीतर मूळचीच पोलादी.

सावकाश:
शुद्ध तांब्याच्या नळ्या मी जुन्या गाड्यांवर वर्षानुवर्षं टिकलेल्या पाहिल्या आहेत. जागोजागी क्लिप मारून पक्की बांधली तर ती थरथरत नाही.

नटबोल्ट:
टिकतात, बांधणी चोख असेल तर. पण सिंगल सर्किटच्या गाडीत मी स्वतः ती जोखीम घेणार नाही. यावर मात्र दुमत नसावं: पाइपाच्या टोकाची फ्लेअर (पसरवलेली कड) दुहेरी हवी, आणि मध्येच पाइप कापून काँप्रेशन फिटिंगने जोडायचा नाही. तो जोड ब्रेकच्या दाबासाठी नसतोच.

नट घेताना आटे तपासा. जुन्या गाडीत इंची ३/८ चे असतात, म्हणजे ९.५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. नव्या भागांत १० मिलिमीटर, १ पिचचे (दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर). दिसायला सारखे. इंची नट मिलिमीटरच्या भोकात ढिला का होईना फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि जोराच्या ब्रेकला उपटून निघतो. नट बोटांनी सुरुवातीपासून गुळगुळीत जायला हवा, खडखड करत नाही.

जुनीजीप:
मागचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे, मागचे लायनर नवे, तिन्ही होज नवे, बँजो बोल्टचे (होज जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशरही नवे. आता एअर काढायची आहे. क्रम काय ठेवू? आणि तेल कुठलं? कुणी म्हणतं सिलिकॉनचं टाक, ते पाणी धरत नाही.

तेलकटहात:
मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, सगळ्यात जवळच्याला शेवटी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बरणीत थोड्या ताज्या तेलात बुडवलेलं. दाबा, निपल सोडा, पॅडल खाली जाऊ द्या, निपल बंद करा, आणि मगच पॅडल सोडा. निपल उघडा असताना पाय उचलला की हवा परत आत.

पॅडल फ्लोअरपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्याच लांबीत फिरतो. जुन्या मास्टरच्या उरलेल्या लांबीत गंज आणि मळ असतो, वॉशर तिथे गेला की कापला जातो. कित्येक चांगले मास्टर ब्लीडिंग करतानाच, म्हणजे एअर काढतानाच, मारले जातात. तुमचा नवा आहे, तरी सवय ठेवा.

तुमच्या मास्टरचं झाकण फ्लोअरखाली आहे, भोवती चिखल-मातीचा थर असणार. झाकण उघडण्याआधी ती जागा ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण स्वच्छ करा, आत पडलेला एक खडासुद्धा ते बारीक छिद्र बुजवू शकतो. झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघा. दर थोड्या दाबांनी टाकी भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. बरणीत जमलेलं तेल परत ओतू नका.

तेल: डॉट ३ किंवा डॉट ४, बंद डब्यातलं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. ही तेलं हवेतला ओलावा शोषतात. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. लांब उतारावर उकळलेल्या तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल रिकामं खाली जातं. म्हणून गाडी कितीही कमी चालवा, दोनेक वर्षांनी तेल बदला.

सिलिकॉन म्हणजे डॉट ५. ते रंग खराब करत नाही आणि ओलावा शोषत नाही, हे खरं. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नाही, थेंब होऊन सगळ्यात खालच्या व्हील सिलिंडरात जाऊन बसतं आणि तिथेच गंज धरतो. साध्या तेलात ते मिसळत नाही, म्हणून टाकायचंच तर सगळं रबर नवं आणि पाइप कोरडे लागतात. डॉट ५.१ हे वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं. तुम्ही डॉट ४ टाका. अंगावरच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

सावकाश:
जाता जाता विचारतो. माझ्या जुन्या कारला बूस्टर आहे. तेल कमी होतं, पण चारही चाकं, पाइप, होज, सगळं कोरडं. जातं कुठे?

तेलकटहात:
मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याखाली बोट फिरवा. मास्टरचं मागचं सील गेलं की तेल बूस्टरमध्ये उतरतं, तिथून व्हॅक्यूमच्या नळीने इंजिनात जातं आणि जळतं. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसत असेल तर जवळपास नक्कीच. व्हॅक्यूमची नळी काढून आत ओल आहे का बघा. बूस्टर स्वतः चालतोय का याची परीक्षा: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. आतलं रबर तेलाने भिजलं असेल तर मात्र फार काळ टिकणार नाही.

जुनीजीप:
एअर निघाली. पॅडल वरच्या वर घट्ट, हलकं दाबून धरलं तरी सरकत नाही. इंजिन बंद ठेवून जोरात दाबून धरलं आणि दुसऱ्याला प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसायला लावला, कुठेही ओल नाही. मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगात चालवली, सरळ थांबते. चारही ड्रम सारखेच कोमट. मास्टर सिलिंडर तोच आहे.

नटबोल्ट:
फार छान. नवे लायनर बसेपर्यंत मध्यम वेगातून हळूहळू थांबा, मध्ये थंड होऊ द्या. बसले की थोडे झिजतात आणि पॅडल परत खाली येतं, तेव्हा घाबरू नका, मागची दोन्ही चाकं थंड असताना पुन्हा ॲडजस्ट करा. गंजलेल्या एक्सेंट्रिकना आताच थोडं तांब्याचं ग्रीस लावून ठेवा, लायनरला लागू न देता.